पुष्पाच्या घराचे दाणे

आमच्या पाड्यावर घर कुठं बांधायचं हे ज्याचं घर तो ठरवत नाही, तुकाकाका ठरवतात. इंजिनिअर येऊन घरकुलाची मापं घेतो ती नंतर. आधी काका संध्याकाळी त्या जागेवर हातभर माती साफ करतात, शेणाने सारवतात, तांदळाचे पाच दाणे एकमेकांना चिकटवून ठेवतात, वर पळसाचं पान आणि पानावर दगड. सकाळी पान उचलायचं. दाणे जागच्या जागी असले तर जागा चांगली. हलले, एखादा गेला, तर दुसरी बघा.

मी आशा वर्कर आहे. दाणे मुंग्या नेतात हे मला कळतं. पण काकांना न विचारता घर बांधायची छाती माझ्या नवऱ्याचीही झाली नाही. आमच्या तीन जागा त्यांनी नापास केल्या आणि चौथी पास केली ती पाण्याच्या टाकीपासून सगळ्यांत लांब. उन्हाळ्यात टँकर आला की हंडा घेऊन तो चढ चढताना मी काकांना काय काय बोलते ते इथं लिहीत नाही. एकदा तोंडावरच विचारलं, "काका, तेव्हा एक दाणा सरळ करून ठेवला असता तर काय बिघडलं असतं?"

"मना काय बिघडला असता? घर तुजा पडला असता," म्हणाले आणि तंबाखू मळत बसले. असा हा हट्टी माणूस.

पुष्पा ही त्यांची एकुलती मुलगी. मोखाड्याच्या आश्रमशाळेत ती आणि मी एका ताटात जेवलेल्या. मी बारावीनंतर लग्न करून तिच्याच पाड्यावर आले, ती नर्सिंगला नाशिकला गेली. मग मुंबईचं हॉस्पिटल, मग हेमराजशी लग्न, आणि मग दोघं थेट आयर्लंडला. जाताना म्हणाली, पाच वर्षं काढू, पैसे जमवू आणि परत येऊ. काकांनी ते शब्द धरून ठेवले. त्यांच्या घराशेजारी चांगली सपाट जागा आहे. आमच्या डोंगरात सपाट जागा सोन्याच्या मोलाची. तिथं त्यांनी कधी वरई पेरली नाही, वेणूकाकीला शेळीसुद्धा बांधू दिली नाही. "पुष्पाचा घर व्हायचा हाय," एवढंच म्हणायचे. तिथले दाणे त्यांनी ती गेली त्याच महिन्यात बघून ठेवले होते.

पाच वर्षं झाली, सहा झाली. गेल्या उन्हाळ्यात पुष्पाचा माझ्या फोनवर व्हिडिओ कॉल आला, "बाबाला घेऊन वर ये." आमच्याकडे रेंज फक्त पाड्याच्या वरच्या खडकावर लागते. काका आले, धापा टाकत बसले. पुष्पाने सांगितलं की ते तिकडं घर विकत घेतायत. भाडं परवडत नाही. दोन वस्त्यांमधली दोन घरं बघितली आहेत.

मी काकांकडे बघायचं टाळलं.

"दाखव," शेवटी म्हणाले.

पहिलं घर शहराबाहेर होतं. मोठं अंगण, मागं हिरवं रान, घोडे चरत होते. माझे तर डोळेच दिपले. काकांनी एकच विचारलं, "हाक मारली तर कोण ओ देल?" पुष्पा म्हणाली, शेजारचं घर लांब आहे, आणि ते लोक कधी दिसत नाहीत. "मग नको. अडीनडीला घोडं येतील का?" दुसरं घर तिच्या हॉस्पिटलजवळ, भिंतीला भिंत लागून घरांची रांग. शेजारी केरळची एक नर्स राहते, पुष्पा घर बघायला गेली तर तिने चहाला आत बोलावलं होतं. काकांना हे पटलं. मग पुष्पा हळूच म्हणाली, "बाबा, सगळ्यांची जागा बघतोस. माझी पण बघ. दाणे मी ठेवते, तू सांग. तू नको बोललास तर नको."

मला हसूच आलं. आयर्लंडमध्ये शेण कुठून आणणार? पण काकांनी गंभीरपणे सांगितलं, साध्या मातीवर ठेव, शेणाबिगर चालल. पळस नसला तर कुठलाबी पान घे.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे उन्हं डोक्यावर आली होती, तिकडं सकाळ होती. ड्युटीला जाता जाता ती त्या रिकाम्या घरापाशी थांबली होती. फोनमध्ये आधी भिंत दिसली, मग ओलं गवत, मग तिचा हात. तिने दगड बाजूला केला, पान उचललं. पाचही दाणे होते तसे होते, एकमेकांना चिकटून. फक्त ओल लागून थोडे फुगले होते.

"मला नाय कळत, बाबा. तूच सांग."

काकांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मी त्यांच्या कानाशी लागून म्हटलं, "ओल लागली म्हणा. जागा बरोबर नाही म्हणा. तिला कुठं कळतंय! काका, एवढं एकदा." मी अक्षरशः त्यांची बंडी ओढली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले होते, मला वाटलं म्हणतील.

"जागा चांगली हाय, पोरी," ते फोनला म्हणाले. "घ्या."

पुष्पाने ते दाणे एकेक करून उचलले. मग "बरं बाबा" म्हणाली आणि फोन ठेवला.

खाली आल्यावर वेणूकाकीने सगळं ऐकून घेतलं. दोन दिवस तिने नवऱ्याला भाकर वाढली पण त्याच्याशी चकार शब्द बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या सपाटीवर खुंटी ठोकून तिने शेळी बांधली. काका ओट्यावरून बघत होते. त्यांनी नको म्हटलं नाही. मला त्यांचा राग आला होता.

पावसाळा सरल्यावर पुष्पा नव्या घरात राहायला गेली. तिने मला एकटीलाच फोन केला. स्वयंपाकघर दाखवलं, वरची खोली दाखवली, आणि खिडकीपाशी येऊन एकदम रडायला लागली.

"हेमराजला घर घ्यायचंच होतं," ती म्हणाली. "आमची बोली झाली होती. बाबा नको म्हणाला तर घर घ्यायचं नाही, परत जायचं. म्हणून तर दाणे ठेवले. अगं, इथं रात्रभर गोगलगायी फिरतात, पाखरं टपून असतात. मला वाटलं, एखादा तरी दाणा जाईल."

"मग तूच हलवायचास की मेले!" मी ओरडले.

"बाबाला खोटं दाखवू?"

बाप आणि लेक, दोघांच्याही मनात एकच होतं. एकाने खोटं बोलायचा अवकाश होता, म्हणजे आज ती इथं असती. इतका राग मला आजवर कुणाचा आला नाही, आणि इतकं रडूही आलं नाही. तिने शपथ घातली, बाबाला सांगू नकोस.

खडकावरून उतरले तर काका वाटेतच उभे होते. फोन कुणाचा ते त्यांनी ओळखलं होतं.

"मानवली का जागा पोरीला?"

"मानवली, काका. खूश आहे."

त्यांनी दोनदा मान हलवली. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झालेला मी पाहिला. उतरताना माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि हसत म्हणाले, "बघ. आन तू मना खोटा बोलायला लावीत व्हतीस."