मेजरसाहेबांनी लावलेला अर्थ

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी बहरीनच्या मीना सलमान बंदरात एका बांधकाम कंपनीच्या गोदामात टायपिस्ट होतो. फाटकावर सुरक्षा अधिकारी म्हणून एक निवृत्त इंग्रज मेजर होते. हाताखाली दोन पहारेकरी, एक अडसर आणि एक शिट्टी एवढंच सैन्य. पण सकाळी ते आत येत ते एखादा प्रांत ताब्यात घ्यायला आल्यासारखे. काखेत छडी असे. तिचा उपयोग मी एकदाच पाहिला, मांजर हाकलताना.

फाटकाजवळ काचेच्या चौकटीत सरकारी नियम लावलेला होता : आवारात बंदुका आणि दारूगोळा आणू नये. त्याच आवारात आमच्या सुताराकडे खिळे मारायची गन होती. आत बोटाच्या पेराएवढं काडतूस घालायचं, नळी भिंतीला दाबायची, चाप ओढायचा, की खिळा काँक्रीटमध्ये. छताच्या पट्ट्या तिनेच ठोकल्या जात. नियम आणि गन चार वर्षं शेजारी नांदत होते. कुणाला काही वाटलं नव्हतं.

सुतार मालवणकडचा. त्या वर्षी त्याचं लग्न ठरलं होतं, तुळशीचं लग्न लागल्यावर चौथ्या दिवशी. रजा मंजूर, तिकीट काढलेलं. पासपोर्ट तेवढा कंपनीच्या कपाटात होता, सगळ्यांचा असे तसा; किल्ली मेजरांकडे.

खंडेनवमीला आम्ही नेहमीसारखी हत्यारं मांडली. करवत, रंधा, पाने, वेल्डिंगचा चिमटा, माझा टाइपरायटर आणि मधोमध ती गन. मनामाच्या बाजारातली प्लास्टिकची झेंडूची माळ, कुंकू, पेढे. सुताराच्या आईने पत्रातून पाठवलेली आपट्याची वाळकी पानं दुसऱ्या दिवसासाठी बाजूला ठेवली होती. तेवढ्यात मेजर आले.

"हे काय चाललंय?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"काही नाही, साफसफाई," असं म्हटलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मी चार पुस्तकं वाचलेला माणूस. पांडवांनी शमीच्या झाडावर लपवलेल्या शस्त्रांपासून सुरुवात केली आणि थाटात समारोप केला, "थोडक्यात, सर, आज आम्ही आमच्या शस्त्रांची पूजा करतो."

मेजरांनी गनकडे पाहिलं. तिच्या नळीला कुंकू होतं. पेढा न घेता ते गेले.

दोन दिवसांनी त्यांनी परिपत्रक टाइप करायला दिलं. त्यांची सगळी परिपत्रकं मीच टाइप करत असे. मजकूर असा : काडतुसावर चालणारी गन ही बंदूकच आहे, ती वापरणारेही तिला शस्त्र मानतात, असं खुद्द कार्यालयीन टायपिस्टने सांगितलं आहे. नियम बदललेला नाही, त्याचा योग्य अर्थ आता लावण्यात येत आहे. म्हणून तो पहिल्या दिवसापासून लागू समजावा. ज्याने गन वापरली त्याची चौकशी होईल आणि ती पूर्ण होईपर्यंत त्याला देश सोडता येणार नाही.

मी त्यातली दोन स्पेलिंग सुधारली. पाचव्या ओळीपर्यंत आलो तेव्हा कुठे कळलं की हे आपण कुणाच्या मानेवर टाइप करतोय.

मॅनेजरच्या केबिनबाहेर वसईची सेक्रेटरी बसायची. प्रत घ्यायला आली आणि उभ्यानेच वाचून म्हणाली, "अभिनंदन! मेजरने तुझं वाक्य पुराव्यात घेतलं. आमचे फादरसुद्धा प्रवचनात एवढं बोलत नाहीत."

सुतार मात्र हसला नाही. रोज काडतुसं घेताना स्टोअरच्या वहीत त्याने सही केली होती. चार वर्षांच्या सह्या आता कबुलीजबाब झाल्या होत्या.

"भाऊ, माका सांगा, काल जा हत्यार होता ता आज बंदूक कशी झाली?"

"मेजरने अर्थ बदलला."

"मगे माझ्या लग्नाचो मुहूर्त पण तोच बदलतलो? सासऱ्याक काय कळवू? जावयाक बंदुकीपायी धरून ठेवल्यानी म्हणून? तो मुलगी देतलो काय?" मग म्हणाला, "तुमी शिकलेली माणसा. तुमका गप ऱ्हवाक येणा नाय?"

तिकिटाला सतरा दिवस होते.

त्या दिवसांत मला एका जागी बसवेना. संध्याकाळी सुटल्यावर बाजारातून उगाच चालत राहायचो, भारतीय दुकानांच्या पाट्या वाचत. गन हे हत्यार कसं, शस्त्र नव्हे, हे सिद्ध करणारा अर्ज मी लिहायला घेतला. तीन पानं झाली. त्यात पांडव पुन्हा आले. तेव्हा फाडून टाकला. मेजरांनी गनला काय म्हणावं हा वादच चुकीचा होता. म्हणू देत तोफ. प्रश्न एवढाच, की सरकारने केलेल्या नियमाचा अर्थ चार वर्षांनी बदलून मागच्या तारखेपासून लावायचा अधिकार फाटकावरच्या माणसाला दिला कुणी?

नवा अर्ज चार ओळींचा झाला. "नियम सरकारचा आहे. त्याचा नवा अर्थ लावण्याचा अधिकार आपल्याला ज्या कागदाने मिळाला, तो कागद पाहायला मिळावा. पूजेत मांडलेली वस्तू शस्त्र ठरत असेल, तर माझा टाइपरायटरही शस्त्र आहे. तो सोबत जमा करत आहे. पोच द्यावी."

टाइपरायटर उचलून मी फाटकावरच्या खोलीत नेला. कळांच्या फटीत अजून कुंकू होतं.

मेजर म्हणाले, "ही उद्धट थट्टा आहे."

"नाही सर, आपल्या परिपत्रकाचं पालन आहे."

"तुमची नोकरी जाऊ शकते, कळतंय ना?"

कळत होतं. मी टाइपरायटर त्यांच्या टेबलावर ठेवला. मेजर शिस्तीचा माणूस. समोर आलेली वस्तू नोंदल्याशिवाय सोडवेना. त्यांनी पोच दिली. मला हाकलण्याचं पत्र त्यांनी त्याच दुपारी लिहायला घेतलं असेल; पण ते टाइप करणार कुणाकडून? आमच्या कार्यालयात टाइपरायटर एकच होता, आणि तो त्यांच्या कपाटात जप्त होता.

चार दिवस कंपनीतून एक पत्र बाहेर पडलं नाही. पाचव्या दिवशी मॅनेजरने विचारलं, "चिठ्ठी क्यों नहीं जाती?" ते बहरीनचेच, पण तरुणपणी वडिलांबरोबर मुंबईत मोत्यांच्या बाजारात वावरलेले, त्यामुळे आमच्याशी हिंदीत बोलत. वसईच्या बाईने पत्रांऐवजी माझा अर्ज त्यांच्यासमोर ठेवला.

मेजरांना आणि मला बोलावणं आलं. मॅनेजरने फायलीतून मेजरांचं नेमणूकपत्र काढलं आणि त्यांनाच मोठ्याने वाचायला लावलं. फाटक सांभाळणे. किल्ल्या ठेवणे. गाड्यांची नोंद करणे. मेजरांनी ते परेडच्या आवाजात वाचलं आणि मग थांबले, कारण पुढे काही लिहिलेलं नव्हतं.

"आपको गेट दिया है, मेजरसाब," मॅनेजर सौम्यपणे म्हणाले. "कानून नहीं दिया. शक है तो सरकार को पूछो. खलास."

मग माझ्याकडे वळले. "और तू कम बोल."

सुताराला पासपोर्ट बुधवारी मिळाला, विमान गुरुवारी होतं. निघताना तो म्हणाला, "भाऊ, लग्नाक येवा म्हटला असता, पण थय पांडव काढशात." परत आल्यावर मात्र माझ्यासाठी मालवणी खाज्याचा पुडा आणला.

सरकारला विचारायला मेजर गेले नाहीत. परिपत्रकही मागे घेतलं नाही. सूचनांच्या फळ्यावर त्याच्यावर दुसरे कागद लागत गेले आणि ते खाली दबलं.

पुढच्या खंडेनवमीला आम्ही पुन्हा हत्यारं मांडली. गन मधोमध, टाइपरायटर बाजूला. मेजर आले, छडी काखेत, आणि थेट माझ्याकडे पाहून विचारलं, "आज काय आहे?"

अधिकाराचा प्रश्न आम्ही जिंकलो होतो. खरं उत्तर द्यायला कुणाची आडकाठी नव्हती. सुताराने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या बायकोच्या व्हिसाचा अर्ज तेव्हा नुकताच गेला होता.

"साफसफाई, सर," मी म्हणालो.

सुताराने पेढ्यांचं ताट पुढे केलं. मेजरांनी एक उचलला, नळीवरच्या कुंकवाकडे बराच वेळ पाहिलं आणि पेढा खात फाटकाकडे निघून गेले.