पान एकतीसवर थांबायचं

पुस्तकातून कला शिकणाऱ्यांकडे जितके किस्से जमतात, तितके गुरूकडे शिकणाऱ्यांकडे जमत नसावेत. गुरू चूक जागच्या जागी पकडतो. पुस्तक बिचारं गप्प बसतं आणि चूक आरामात वर्षभर वाढत राहते! कामरगावात आमची अशीच एक मंडळी आहे. दर रविवारी दुपारी आमच्या ओसरीत जमते. पेटी, ढोलकी, चित्रकला, सगळं पुस्तकातून.

ही पुस्तकं माझ्या बायकोने, मंदाने जमवलेली. ती कारंज्याला गेली की भाजीच्या पिशवीच्या तळाशी 'घरच्या घरी शिका' छापाचं काहीतरी निघायचंच. दीड वर्षापूर्वी ती गेली. तेरवीनंतरच्या रविवारी मंडळी नेहमीच्या वेळेला आली, चपला काढून जागेवर बसली. मी चहा ठेवला.

पेटीच्या पुस्तकात पान एकतीसवर तिच्या आवडीचं एक भजन आहे. तिच्या वर्षाच्या दिवशी ते आपण वाजवायचं, असं मी त्याच रविवारी ठरवलं. मी गणिताचा मास्तर. तोवर पेटीवरची धूळ तेवढी पुसली होती!

*

उकंडकाका आमच्यातले सर्वात ज्येष्ठ. शेती करतात. पेटी शिकायची हौस दांडगी, पण पेटी नव्हती. पुस्तकात पेटीच्या पट्ट्यांचं मोठं चित्र होतं. काकांनी त्याची झेरॉक्स काढली, खताच्या पोत्यावर चिकटवली आणि वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसून रोज सराव सुरू केला.

जाणारे-येणारे विचारायचे, "काका, पोतं कायले दाबून राह्यले?"

"रियाज चालू हाय. मधात बोलू नका!"

दोन महिन्यांनी काका आमच्या खऱ्या पेटीवर बसले. पहिली पट्टी दाबली आणि दचकून हात मागे घेतला. धीर करून आणखी चार दाबल्या. ऐकणाऱ्यांचे चेहरे पाहिले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, कागदावर म्या एकडावबी चुकलो नाई. या पेटीतच काहीतरी गडबड हाय!"

*

रफिकभाई दुकानांचे बोर्ड रंगवतात आणि आमच्यात ढोलकी वाजवतात. अक्षर मोत्यासारखं, पण माणसाचा चेहरा जमेना. मंदाने त्यांना 'दहा पायऱ्यांत चेहरा' शिकवणारं पुस्तक दिलं. महिन्याभरात रफिकभाई फोटोवरून लोकांच्या वडिलांची, आजोबांची चित्रं काढून देऊ लागले. गाव खूश!

एक दिवस एक गृहस्थ तावातावाने आले. "रफिकभाई, माह्या बुढ्याचा फोटो शेजाऱ्याच्या भिंतीवर कसा काय?"

"तो तुमचा बुढा नाई जी, त्याहीचा हाय."

"मंग दोघं एकसारखे कसे? जित्तेपणी तं एकमेकाचं तोंड पाहत नव्हते!"

रफिकभाईंनी शांतपणे पुस्तक उघडलं, दहाव्या पायरीवरचा चेहरा दाखवला आणि म्हणाले, "किताबमध्ये एकच माणूस हाय साहेब. मी दुसरा कुठून आणू?"

*

त्याच पुस्तकात एक सूचना आहे : सरावासाठी न हलणारी वस्तू निवडा.

रफिकभाईंनी आधी बकरी निवडली. ती कागद खाऊन गेली. मग एका रविवारी ते ओसरीच्या कोपऱ्यात तासभर मान खाली घालून चित्र काढत बसले. उकंडकाका भिंतीला टेकून भजन ऐकत होते, म्हणजे घोरत होते. जागे झाले तर समोर त्यांचंच चित्र, तोंड उघडं!

"मले न इचारता कायले काढलं बे?"

"काका, न हलणारी वस्तू पाहिजे होती."

"म्हंजे मी वस्तू हाव?"

"नाई काका, हलत नाई एवढंच!"

*

पेटीचं पुस्तक एकच, म्हणून सगळ्यांनी, मीसुद्धा, मंदाच्या प्रतीवरून झेरॉक्स काढलेली. रिठदला काकांची लेक दिलेली आहे. तिथल्या भजनाच्या कार्यक्रमात काका पेटीवर, रफिकभाई ढोलकीवर, मी ऐकायला, गाणारे तिथलेच. पान एकतीसचं भजन रंगात आलं. तिसऱ्या कडव्यात पेटी एकदम बंद, ढोलकी बंद! गाणारे दोन शब्द पुढे जाऊन थबकले.

मागून कोणीतरी ओरडलं, "लाइन गेली काय?"

काकांनी शांतपणे बोटांवर चार मोजले आणि पुन्हा सुरू केलं. नंतर त्यांच्या व्याह्यांनी विचारलं, "इवाई, मधातच कायले थांबले?"

"कायले म्हंजे? बुकात लिहेल हाय!"

घरी येऊन मी मंदाची मूळ प्रत उघडली. तिसऱ्या कडव्याशेजारी तिच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'इथं थांबायचं.' आणि त्याखाली, पार पानाच्या खालच्या कडेला, 'दूध बघायचं.' ती गॅसवर दूध ठेवून पेटीवर बसायची. तिसऱ्या कडव्यापर्यंत ते वर येत असणार. खालची ओळ झेरॉक्समध्ये कापली गेली होती आणि आमच्या मंडळींनी वरची ओळ वर्षभर श्रद्धेने घोटली होती!

मी इतका हसलो की आमची लेक स्नेहल काम सोडून बाहेर आली आणि नुसती माझ्याकडे बघत उभी राहिली. मंडळींना मात्र मी काही सांगितलं नाही.

*

वर्षाचा दिवस आला. ओसरी भरली. पेटीवर मी. पान एकतीसच आहे ना, हे मी तीनदा तपासलं. शेजारी टाळ घेऊन बसलेले काका कानात म्हणाले, "घाबरू नका सर. पेटी आवाज करतेच!"

स्नेहलने सगळ्यांच्या चहासाठी मोठ्या गंजात दूध गॅसवर ठेवलं आणि बाप काय वाजवतो ते ऐकायला दारात येऊन बसली.

पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्यात मी एकदा घसरलो, रफिकभाईंनी ढोलकीवर जोरात थाप मारून ते झाकलं. तिसऱ्यात थांबायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. मला खरं कारण ठाऊक होतं ना!

ती जागा आली. टाळ थांबले. ढोलकी थांबली. अख्खी ओसरी थांबली. माझी पेटी एकटीच दोन सूर पुढे गेली आणि ओशाळली. मीही हात उचलला.

काकांनी बोटं मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तीन.

स्वयंपाकघरातून आवाज आला, फस्स्स!

"दूध!" म्हणत स्नेहल आत धावली.

काकांनी चौथं बोट सावकाश दुमडलं आणि सगळ्या ओसरीवरून विजयी नजर फिरवली.

"पाह्यलं? बुकात उगाच नाई लिहेल थांबाले!"