‘काही शंका?’ आणि बोअरची एकच गाडी

आम्ही जुने सहकारी चहाला बसलो की एक किस्सा संपायच्या आत दुसरा सुरू होतो. बायको विचारते, "तुम्ही ऑफिसात काम कधी केलं?" केलं हो! लातूर जिल्हा नुकताच वेगळा झालेला, वर दुष्काळ, आणि आम्ही पाण्याच्या नव्या ऑफिसातली माणसं. गावात सभा घ्यायची, बोअर कुठं पाडायचा ते ठरवायचं आणि सोमवारी मोठ्या साहेबांसमोर तक्ते लावून त्यांना पटवायचं. सगळा खेळ बोलण्याचा!

*

नवा जिल्हा अजून लोकांच्या अंगवळणी पडला नव्हता. उदगीरकडच्या एका आजोबांना मी विचारलं, "जिल्हा वेगळा झाला, काय फरक पडला?"

"झोपलो तवा उस्मानाबादेत होतो, उठलो तर लातुरात. घागर हाय तशीच रिकामी!"

*

माझी पहिली सभा. हातात छडी, मागं खडकाच्या थरांचा रंगीत तक्ता. तासभर बोललो. शेवटी ऐटीत विचारलं, "काही शंका?"

सगळे गप्प. मला वाटलं, जिंकलो!

मागून एक म्हातारी उठली. "शंका काई न्हाई, लेकरा. लई बोललास, घसा सुकला असंल. पर तुला द्यायला पानी न्हाई बघ गावात."

तक्ता गुंडाळला. छडी गुंडाळता येत नाही, नाहीतर तीही गुंडाळली असती.

*

प्रश्न विचारावेत तर आमच्या सीनियर शिवलिंगअप्पांनी! मी गावात विचारायचो, "विहिरीला पाणी आहे का?" सगळं गाव एका सुरात, "न्हाई!" हो म्हटलं तर टँकर बंद होईल, ही भीती.

अप्पा म्हणाले, "हो-न्हाईचा प्रश्न इचारू नको. बस खाली, बघ."

मग त्यांनी सभेला विचारलं, "यंदा सगळ्यात शेवटी कुणाची विहीर आटली?"

गावचे पुढारी छाती काढून म्हणाले, "माझी! पर आटलीच शेवटी."

बायकांतून त्यांचीच मालकीण बोलली, "आटली कुठं? सकाळी मीच शेंदलं की!"

त्याच विहिरीच्या वरच्या अंगाला बोअर पाडला. दुपारी धो धो पाणी! पोरं, म्हातारे, अप्पा, सगळे चिंब. पुढाऱ्यांना त्या दिवशी घरी जेवण मिळालं का, ते मात्र कळलं नाही.

*

आमच्या एका इंजिनियरसाहेबांना थांबता यायचं नाही. "शेवटी एवढंच सांगतो," हे ते तीनदा सांगायचे. तोवर ऐकणारे पेंगायला लागायचे. एका सोमवारी नकाशे काढणाऱ्या मजीदभाईंनी त्यांच्या शेवटच्या तक्त्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेवलं, ‘तीन गावांना बोअर मंजूर करावेत.’

साहेबांनी तक्ता उलटला. मोठ्या साहेबांनी वाचलं, "मंजूर" म्हणाले आणि सही ठोकली!

"अहो, माझा समारोप राहिला!"

मजीदभाई म्हणाले, "साब, समारोप तक्त्यानं केला. तुम्ही चाय प्या!"

*

आणि हा किस्सा काशीबाईंचा. बोअरची गाडी एकच आणि मागणारी गावं ढीगभर. आमच्या यादीतल्या शेवटच्या गावात बायका दोन कोस चालून पाणी आणायच्या. त्या गावच्या काशीबाई सोमवारी माझ्याबरोबर थेट लातूरला आल्या. "मी नुसती बसते," म्हणाल्या.

माझी पाळी आली तेव्हा मोठ्या साहेबांनी घड्याळ पाहिलं. "पाच मिनिटं." मी अर्ध्या तासाची तयारी केलेली! दोन तक्ते दाखवले, तिसरा उलटा लागला. सगळे आकडे डोक्यातून उडाले. घाम पुसत कसंबसं म्हणालो, "काही शंका?"

साहेबांनी फाईल मिटायला घेतली.

मागून काशीबाई उठल्या. पदर सावरला.

"मला एक इचारायचंय, साहेब. बोअरची गाडी आमच्याकडं वढ्याच्या रस्त्यानं येनार का शाळंच्या? न्हाई, शाळंच्या रस्त्यावर बाभळ आडवी हाय. शाळंचा म्हनत असाल तर आम्ही बाया आजच तोडून ठिवतो."

साहेबांनी मिटत आलेली फाईल परत उघडली. काशीबाईंकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, मग बोअरच्या गाडीचा ड्रायव्हर भिंतीशी उभा होता, त्याच्याकडं वळले.

"काय हो, कुठला रस्ता?"

ड्रायव्हर ताठ उभा राहिला. "वढ्याचा, साहेब. बाभळ राहू द्या!"