बूथवाल्यांचा रेडिओ

अगं, आजीच्या जवळ ये. नवऱ्याशी भांडलीस, ते फोनवरून साऱ्या जगाला कशाला दाखवलंस?

नव्वदच्या दशकात बंगळूरात आमच्या बसवनगुडीत एक एसटीडी बूथवाले होते. मी आत शिरले की “सरी अक्का”, म्हणजे ‘बरं ताई’, म्हणून रेडिओ मोठा करायचे. त्यांना कानडीच येतं, या भरवशावर तुझ्या मावशीचं ठरलेलं लग्न मोडल्याचं मी बहिणीला मराठीत रडून सांगायची.

एकदा रेडिओ बिघडला. त्यांनी काचेवर टकटक केलं. “अक्का, हळू बोला. बाहेर तुमची शेजारीण उभी आहे.”

चक्क मराठीत!

गल्लीत एक शब्द फुटला नाही. तरी त्यांनी काय काय ऐकलं असेल, हे मला अजून टोचतं. तुझं तर कुणी ऐकलं, हेही तुला ठाऊक नाही.

पुन्हा भांडलीस तर सरळ इकडे ये. न भांडताही ये, पण लवकर.