आतोबा आणि मेथीची जुडी

रक्त या विषयावर आमच्या आतोबांइतका चिडलेला माणूस अख्ख्या वऱ्हाडात सापडायचा नाही. अमरावतीच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर जीवरसायनशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर वर्ग उरला नाही म्हणून समोर येईल त्याला धारेवर धरलं. त्यांच्याकडे राहत असताना एकदा दाढी करताना मला कापलं. मी गाल पुसतोय तोच ते गरजले, "पुसून काहून राहिला रे? रक्त गोठवणारी प्रथिनं एरवी नुसती हिंडत असतात. जखम झाली का पेशी आपल्या आवरणाच्या आतली चरबी बाहेर काढतात, तवा त्याईले बसाले जागा भेटते. बसले का कामाले लागले! अन् तू ते जागाच पुसली!" मग स्वतःच माझ्या गालावर टॉवेल दाबून त्यांनी मला कॅल्शियमचं महत्त्व ऐकवलं. चहा निवून गेला.

पण खरी आग आत्याच्या गोळीपायी. तिच्या हृदयात कृत्रिम झडप आहे. त्या झडपेवर गुठळी धरू नये म्हणून रोज रक्त पातळ करायची गोळी. "या गोळीनं प्रथिनाईची पकड सुटते, पेशीवर बसताच येत नाई त्याईले," आतोबा म्हणत, "अन् मेथीत के जीवनसत्त्व असते, ते पोटात गेलं का पकड परत आली!" आता आमचं घर अंजनगाव सुर्जीचं, भाजीपाल्याचं. आत्या मेथीच्या वाफ्यांतच वाढलेली. माझे बाबा अमरावतीच्या बाजारात भाजी घेऊन आले की बहिणीला जुडी देऊन जात. आतोबांनी ती दारातूनच परत केली! बहिणीच्या दारातून माहेरची भाजी परत? मला अजून राग येतो. बाबा एवढंच म्हणाले, "भाजीच त हाये, जवाईबुवा."

आत्यानं मुकाट्यानं हिरवं सोडलं. थोड्याच दिवसांत तिच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, दंडावर काळेनिळे डाग उठले. डॉक्टरांनी आतोबांनाच झापलं. गोळीचं प्रमाण तिच्या नेहमीच्या भाजीसकट ठरवलं होतं. भाजी तोडली, तशी गोळी भारी पडली. भाजी बंद नको, रोज सारखीच हवी. प्रथिनांची पकड या माणसाला तोंडपाठ, आणि बायकोच्या ताटात रोज काय असतं ते ठाऊक नाही!

आता आतोबा सकाळपासून फाटकाशी उभे असतात आणि जुडीला उशीर झाला की बाबांवरच ओरडतात. परवा तपासणीसाठी आत्याचं रक्त घेतलं, तेव्हा मी सोबत होतो. आतोबांनी तिच्या हातावरचा कापूस अंगठ्यानं दाबून धरला.

"थांबलं न आता, सोडा," आत्या म्हणाली.

"असू दे," ते म्हणाले. आम्ही रिक्षात बसलो, घर आलं, तरी त्यांनी अंगठा उचलला नव्हता.