काट्यावरचे अप्पा

अप्पा स्वतःच्या वजनाची घासाघीस करायचे. डायलिसिसच्या खोलीत शिरताना प्रत्येकाला काट्यावर उभं राहावं लागतं. दोन खेपांच्या मध्ये अंगात किती पाणी साठलं ते त्यावरून ठरतं आणि तेवढं मशीन काढून घेतं. आम्ही बाकीचे मुकाट उभे राहायचो. अप्पा आधी टोपी काढायचे, मग घड्याळ, मग खिशातला कंगवा, आणि आकडा बघून सिस्टरना म्हणायचे, "अर्धा किलो तरी सोडा. नेहमीचं गिऱ्हाईक आहे."

सगळा जन्म मंडईत कांद्या-बटाट्याच्या गाळ्यावर गेलेला. दुसऱ्याला तोलून देणाऱ्या माणसाला स्वतः तोलून घेणं काही रुचत नसावं. त्यात डॉक्टरबाईंनी बटाटाच बंद केला होता. "लोकांच्या पिशव्यांत घातला तेव्हा कुणी हरकत घेतली नाही," एवढंच ते त्यावर बोलले.

मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर असायची. वर्ध्याहून पुण्याला आले ती खराडीतल्या एका कंपनीत. तेव्हा तिथल्या काचेच्या इमारतीतून खाली ज्वारी दिसायची. जरा कुठे बस्तान बसत होतं, तर मूत्रपिंडांनी दगा दिला. आईवडील तिकडे आणि मी इथे भाड्याच्या खोलीत, डब्यावर. मशीन सुरू असताना मी लॅपटॉप उघडला की अप्पा म्हणायचे, "अहो कॉम्प्युटर, रक्त बाहेर फिरतंय तोवर तरी साहेबाला सुट्टी द्या." कौतुकाला त्यांची जीभ वळत नसे. पण मला सुई टोचायची वेळ आली की ते हटकून काहीतरी खवचट बोलायचे, आणि मी हसते आहे तोवर सुई आत गेलेली असायची. त्या शहरात माझं म्हणावं असं माणूस मला त्या खुर्चीवर भेटलं.

त्यांच्या पत्नी, इंदूकाकू, त्यांना आपलं मूत्रपिंड देणार होत्या. तपासण्या जुळल्या होत्या. "आजवर हिच्याकडून नुसतं ऐकून घेतलं, आता हेही घेतो," अप्पा म्हणायचे, पण काकू पाणी आणायला गेल्या की दाराकडे बघत राहायचे. अडचण एकच होती, हृदय. शस्त्रक्रिया सोसेल असं हृदय हवं, नाहीतर काही खरं नाही, असं डॉक्टरबाईंनी स्वच्छ सांगितलं. डायलिसिसवरची पुष्कळ माणसं शेवटी हृदयानंच जातात, हेही सांगितलं. बोलण्यात कोलेस्टेरॉल हा शब्द आला आणि अप्पांनी तेवढाच घट्ट धरला.

तूप गेलं, शेंगदाणे गेले. मग दूध, मग डाळ आणि शेवटी अंडंही गेलं. बाईंनी अंड्यातलं पांढरं आवर्जून खायला सांगितलेलं. "अहो, निदान पांढरं तरी खा," काकू विनवायच्या. "पांढरं असो की पिवळं, कोंबडी एकच ना?" असं अप्पा म्हणाले की विषय संपला. दर तपासणीत कोलेस्टेरॉल खाली येत गेलं. अप्पा रिपोर्ट माझ्यासमोर धरून म्हणायचे, "बघा, कसा भाव पाडला." मनगटावरचं घड्याळ मात्र कोपराकडे घसरायला लागलं होतं.

एकदा रिपोर्ट फारच खाली आला तेव्हा त्यांनी पेढे आणले. सिस्टरना वाटले, आम्हा पेशंटना लांबून दाखवले. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट वाचला आणि पेढा परत बॉक्समध्ये ठेवला.

"अप्पा, हे मी गोळ्या देऊन उतरवलेलं नाही. मग उतरलं कसं?"

"जीभ आवरली."

"धडधाकट माणसाचं असं उतरलं असतं तर मी पेढा खाल्ला असता. डायलिसिसवरच्या माणसाचं आपोआप उतरलं की मला धास्ती वाटते. तुम्ही खंगताय. काटा तेवढाच दिसतो, कारण मांस गेलं तिथे पाणी भरलंय. आणि रक्तवाहिन्यांत जो चुना साचतो, तो उपाशी राहून जात नाही."

अप्पांनी रिपोर्टची घडी घातली. मग हळूच म्हणाले, "म्हणजे माल सडायला लागला म्हणून भाव पडला." काकूंनी पेढ्यांचा बॉक्स पिशवीत सारला. मला त्या दोघांकडे बघवेना.

दुसऱ्या खेपेपासून काकूंच्या स्टीलच्या डब्यात उकडलेली अंडी यायला लागली. अप्पा पांढरं औषधासारखं गिळायचे आणि एक अंडं माझ्यापुढे सरकवायचे. "खा. तुमच्या डब्यात काय असतं ते बघितलंय मी." पण हृदयाच्या तपासणीत शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागेल असं निघालं. "थांबू की. मला कुठे गाडी गाठायचीय," ते म्हणाले. आवाज मात्र नेहमीचा नव्हता.

आणि एका सकाळी डायलिसिसलाच निघताना, सदऱ्याची बटणं लावता लावता, अप्पा गेले. हृदयानंच. काकूंचं मूत्रपिंड काकूंपाशीच राहिलं. अप्पांच्या खुर्चीवर लगेच दुसरा पेशंट आला. मला त्या माणसाचा उगीचच राग यायचा.

दिवसपाणी झाल्यावर काकू एकदा दारात उभ्या दिसल्या. हातात तोच डबा.

"काकू, तुम्ही कशाला आलात?"

"सवयीनं अंडी उकडली. टाकून देऊ का?" त्या स्टुलावर बसल्या. "आपलं ऑपरेशनचं जमलं नाही तर ती कॉम्प्युटर जेवते का बघ, असं म्हणून ठेवलंय त्यांनी."

मी डब्यातलं एक अंडं उचललं. मी संपवेपर्यंत त्या उठल्या नाहीत. मग येतच राहिल्या.

पुढे एकदा मी काट्यावर उभी राहिले आणि सिस्टर रागावल्या, "वजन वाढलंय. पाणी जास्त प्यायलात ना?"

मागून काकूंचा आवाज आला. "पाणी नाही ते, अंगाला लागलंय. अर्धा किलो सोडा."