रिकाम्या पिशवीतला पाला

आमच्या ह्यांना कुणी सहज "किती वाजले?" विचारलं, तर "आठ वाजायला सात मिनिटं" असं उत्तर मिळतं. "आठ वाजत आले" म्हणायला काय जातं, सांगा! पण नाही. एकदा मी "आमटीत चिमूटभर मीठ घाला" म्हटलं, तर हे डबा हातात धरून मला विचारतात, "कुणाची चिमूट?" संशोधन केंद्रात ह्यांना सगळे दशांशकाका म्हणतात. मी मनातल्या मनात काय काय म्हणते ते न सांगितलेलं बरं.

ह्यांचं काम पाला तोलायचं. हसू नका. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी ही नोकरी लागली तेव्हा मीही हसले होते, आणि आईला तर मी "प्रयोगशाळेत आहेत" एवढंच सांगितलं होतं. गावाबाहेरच्या जंगलात झाडांखाली चाळीस जाळीच्या टोपल्या टांगल्यात. त्यांत पडलेली पानं महिन्यातून एकदा रखवालदार कागदी पिशव्यांत भरतो, वर टोपलीचा नंबर घालतो आणि पाठवून देतो. हे त्या पिशव्या दोन दिवस भट्टीत सुकवतात, पिशवीसकट तोलतात आणि त्यातून पिशवीचं वजन वजा करतात. एक पिशवी अकरा पूर्णांक दोन ग्रॅम. माझ्या नणंदेचा वाढदिवस मी विसरते, पण हा आकडा झोपेतसुद्धा सांगेन.

हे सगळं बाईंच्या संशोधनासाठी. बाई म्हणजे केंद्रातल्या मोठ्या शास्त्रज्ञ. जंगल, हवा आणि हवामान ह्यांचं आपसांत काय चाललंय ते त्या शोधतात. सत्तावीस वर्षांपूर्वी विद्यार्थिनी म्हणून आल्या, तेव्हा काटा शून्यावर कसा आणायचा हे त्यांना ह्यांनीच शिकवलं. एकदा आमच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून त्यांनी मला समजावलं होतं, "काकू, झाड हवेतला कार्बन घेतं आणि त्यातला थोडा पानांतून जमिनीला देतं. हवेचं मोजायला माझा मनोरा आहे. जमिनीचं मोजायला काका आहेत." मनोरा आणि आमचे हे एका ओळीत! मी लगेच दुसरा चहा टाकला.

गेली काही वर्षं बाईंना दिसत होतं, की जंगल दरवर्षी जास्त पाला गाळतंय. थोडा थोडा करत दहा टक्के वाढला होता. त्यांचं म्हणणं, उन्हाळे कडक होतायत, म्हणून झाडं पानं टाकतायत. त्यावर त्यांचा मोठा लेख छापून आला, आणि देशोदेशीच्या शास्त्रज्ञांसमोर बोलायला बोलावणं आलं. परिषद दोन महिन्यांवर होती आणि ह्यांची निवृत्ती सहा आठवड्यांवर.

तेव्हाच सतरा नंबरची पिशवी आली. रखवालदारानं तोंड दुमडून पाठवलेली, ह्यांनी न उघडता भट्टीत ठेवली. सुकली, तोलली, अकरा पूर्णांक दोन वजा केले. उरले दोन पूर्णांक चार ग्रॅम. एवढा कमी पाला कसा, म्हणून ह्यांनी पिशवी उघडली, तर आत एक पान नाही! फोन केला तर रखवालदार म्हणाला, "काका, सतराची जाळी फाटलीय. नंबर चुकू नये म्हणून नुसती पिशवी पाठवली."

रिकाम्या पिशवीत अडीच ग्रॅम पाला कुठून आला? ह्यांनी कपाटातल्या वीस कोऱ्या पिशव्या तोलल्या. सगळ्या तेरा पूर्णांक सहा. कधीतरी पिशव्यांचा कागद जाड झाला होता आणि हे आपले जुनंच वजन वजा करत बसले होते. मध्ये दोनतीन वर्षं जुन्या पिशव्या नव्यांत मिसळून वापरल्या गेल्या, त्यामुळे फरक हळूहळू चढत गेला आणि कुणाला संशय आला नाही. पिशव्या बदलल्या तर मागवणाऱ्यानं सांगायचं आणि ह्यांनी नवं वजन काढायचं, असा तिथला नियम. ह्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. उलट पिशव्या आता फाटत नाहीत म्हणून हे घरी येऊन खूश झाले होते.

त्या संध्याकाळी ह्यांनी मला हे सगळं सांगितलं तेव्हा भाकरी तव्यावरच करपली.

"कुणाला कळणार आहे?" मी म्हटलं. "सहा आठवड्यांत सुटताय. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ माझी नाहीये," हे म्हणाले. "बाईंची आहे. आणि त्या ती सगळ्यांसमोर उघडणार आहेत."

दुसऱ्या दिवशी हे ती रिकामी पिशवी घेऊन बाईंच्या खोलीत गेले. बाईंनी ती स्वतः तीनदा तोलली. मग खाली बसल्या आणि म्हणाल्या, "काका, तुमचा आकडा मी कधी तपासला नाही हो. एकदाही नाही." बस, एवढंच. त्या चिडल्या असत्या, ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. त्या दिवशी ह्यांचा डबा तसाच परत आला.

प्रत्येक वर्षाचा सुकलेला पाला कोठीत पिशव्यांसकट जपून ठेवलेला होता. लेखातल्या सहा वर्षांच्या दोन हजार आठशे ऐंशी पिशव्या. आता एकेक उघडून नुसता पाला तोलायचा आणि पिशवी वेगळी तोलायची. बाई दुसऱ्या कुणाला हात लावू देईनात. चार आठवडे त्या आणि हे एका टेबलाशी समोरासमोर बसले. बाई काट्यावरचा आकडा वाचायच्या, हे लिहायचे. आकड्यांपलीकडे शब्द नाही. सत्तावीस वर्षं ज्या पोरीनं "काका, जेवलात का?" विचारल्याशिवाय डबा उघडला नाही, ती खिडकीकडे तोंड करून जेवायची. हे घरी येऊन सांगायचे, "आज एकशे अठरा झाल्या."

आणि मग तो कागद सापडला. धुण्याआधी मी ह्यांच्या शर्टाचे खिसे बघते, त्यात एक जुनी मागणीची चिठ्ठी. "पिशव्या फार फाटतात. ह्यापुढे जाड कागदाच्या मागवाव्यात." खाली सही बाईंची! तारीख सहा वर्षांपूर्वीची.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे पिशव्या त्यांनीच बदलल्या! सांगायचं त्यांनी होतं! आणि तोंड फिरवून बसतायत त्या! उद्या हे नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवा, नाहीतर मी ठेवते."

"कोठीत नव्या पिशव्या कधी आल्या ती तारीख शोधत होतो, तेव्हा सापडली," हे म्हणाले. "तारीख त्यांना दिलीय. त्यांच्या कामाला तेवढीच लागते."

"आणि तुमच्या नावाचं काय? सगळं केंद्र म्हणतंय, दशांशकाका चुकले."

"सही त्यांची असेल, पण पिशवी सहा वर्षं माझ्या हातात होती. जाड लागली होती मला. लागली आणि मी खूश झालो." ह्यांनी चिठ्ठी माझ्या हातातून घेतली आणि तिचे बारीक तुकडे केले. "त्यांचा छापलेला लेख हातचा जाणार आहे. त्यात आणखी हे कशाला?"

तोलणं संपलं. वाढ जवळजवळ सगळी पिशव्यांची निघाली. जंगल जेवढी पानं गाळत होतं तेवढीच गाळत होतं. बाईंनी लेख मागे घेतला आणि परिषदेला येत नाही म्हणून कळवलं. सहा वर्षांचं काम गेलं. मला त्यांचा राग होता, पण खोटं कशाला बोलू, वाईटही वाटलं.

निवृत्तीच्या दिवशी मी भांडायची पूर्ण तयारी करून गेले. निरोपाच्या भाषणात ह्यांच्याविरुद्ध कुणी एक शब्द काढला असता, तर चारचौघांत सगळं बाहेर काढणार होते. चिठ्ठी नसली म्हणून काय झालं, माझं तोंड होतं. पण भाषणं नेहमीचीच झाली. माणसं पांगल्यावर बाईंनी आम्हा दोघांना त्यांच्या खोलीत बोलावलं. टेबलावर एक छापलेला कागद होता.

"लेख मागे घेताना कारण द्यावं लागतं," त्या म्हणाल्या. "तारखा नीट लिहाव्यात म्हणून काल मी माझी जुनी पत्रं काढली. मागणीची नक्कल त्यातच होती. जाड पिशव्या मीच मागवल्या होत्या, काका. विसरले मी. साफ विसरले. इथे तसंच लिहिलंय. पिशव्या मी बदलल्या, तोलणाऱ्याला कळवलं नाही, आणि चूक त्यांनी शोधली. तुमचं पूर्ण नाव घातलंय."

हे खाली बघत होते.

"आणि चार आठवडे मी तुमच्याशी कशी वागले," बाई म्हणाल्या. "मला एकच सांगा. तुम्हाला माहीत होतं?"

ह्यांनी मान वर केली. "नाही बाई," म्हणाले. "मला कुठून माहीत असणार?"

चौतीस वर्षांचा संसार. ह्या माणसानं माझ्या आईला तिच्या तोंडावर "साडी नाही शोभत" असं सांगितलंय. पाहुण्यांना "आणखी पाच मिनिटं बसा" म्हणून घड्याळ लावलंय. ह्यांना खोटं बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं. कान मात्र लालबुंद झाले होते.

बाई दोन क्षण त्या कानांकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या. "काकू?"

घरून घोकून आणलेलं सगळं ओठांवर होतं.

"अहो, ह्यांना काय माहीत असणार!" मी म्हटलं. "घरात साखरेचा डबा कुठला ते ह्यांना माहीत नसतं."

बाई हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. मी त्यांना जवळ घेतलं. माझा राग कुठे गेला ते माझं मलाच कळलं नाही.

घरी येताना रस्त्यात मी म्हटलं, "चक्क खोटं बोललात की हो!"

"तूपण," हे म्हणाले.